दुसऱ्या रांगेतली कडेची खुर्ची

कार्यक्रम झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या फोनवर तिकीट कंपनीचा निरोप आला. 'कालची संध्याकाळ कशी होती? आम्हाला तारे द्या!' खाली पाच पोकळ तारे आणि शेवटी एक पिवळं हसरं तोंड. मी शेवंतीच्या ढिगापाशी हार ओवत बसले होते. ते तोंड पाहून राग नंतर आला. आधी आली ती किळस, जेवताना घासात केस लागल्यावर येते तशी. मी फोन पालथा घातला आणि पुढचं फूल सुईत घेतलं.

आमचं घर फुलांचं. शहराबाहेर थोडा मळा, आणि अमरावतीच्या बाजारात एक गाळा. गावातल्या मोठ्या सभागृहात कुणाचाही कार्यक्रम असो, पाहुण्यांचे हार आमच्याकडून जायचे. लग्न होऊन या घरात आले तेव्हा एकदा मीच हार पोचवायला गेले आणि विंगेत उभी राहून आयुष्यात पहिल्यांदा गझल ऐकली. अर्थ निम्मासुद्धा कळला नाही, पण पाय हलेनात. रिकामी टोपली कमरेवर घेऊन कार्यक्रम संपेपर्यंत तिथंच उभी होते. घरी सासूबाईंनी शोधाशोध सुरू केली होती.

पुढं आम्ही चौघं झालो. मी, माझे यजमान, अचलपूरचे एक मास्तर आणि अकोल्याच्या आपा. मास्तर हे यजमानांचे शाळेपासूनचे मित्र, आता निवृत्त. आपा मात्र मला कार्यक्रमातच भेटल्या, शेजारच्या खुर्चीवर. गायकाच्या एका शब्दावर सगळं सभागृह उसळलं आणि मी नुसती इकडं तिकडं बघत राहिले, तेव्हा त्यांनी कानाशी लागून मला त्या शब्दाचा अर्थ सांगितला. पुढच्या शेराचाही सांगितला. मध्यंतरात पर्समधून सुपारी काढून दिली आणि विचारलं, "कोणाची व तू?" त्यांचं माहेर बाळापूरचं, सतरंज्या विणणाऱ्यांचं, आणि सासर अकोल्याचं, कापडाच्या दुकानाचं. माझ्याहून बऱ्याच मोठ्या. मला उर्दूतलं जे काही येतं ते सगळं त्यांनी असं खुर्चीवर बसल्या बसल्या, कुजबुजत शिकवलेलं आहे.

आमच्यात एक रीत होती. तिकिटं एकानंच काढायची, चौघांची, आणि बाकीच्यांनी पाकिटाला हात लावायचा नाही. एकदा पाळी मास्तरांची, मग आपांची, मग आमची. आपलं तिकीट आपण काढणं म्हणजे दुसऱ्याचा अपमान. मास्तर एकदा परस्पर आले आणि दारातच स्वतःचं तिकीट घेऊन बसले, तर आपा मध्यंतरापर्यंत त्यांच्याशी बोलल्या नाहीत. "काहून, आमी मेलो काय?" एवढंच म्हणाल्या. मास्तरांनी पुन्हा ती चूक केली नाही. आमच्या वऱ्हाडात हे असंच आहे. चहाच्या टपरीवर चौघं चहा पितात आणि खिशाकडं जाणारे एकमेकांचे हात धरून ठेवतात. पुण्याची माझी भाची याला भांडण समजते.

तिकिटं मिळायची एका घड्याळाच्या दुकानात. दुकानदाराला गाण्याचं वेड. मोठे गायक अमरावती-अकोल्याला आणणारी जी दोन-चार मंडळी होती त्यातले ते एक. काउंटरच्या काचेवर, खालच्या घड्याळांना झाकून, सभागृहाचा नकाशा पसरलेला असायचा आणि ते पेन्सिलनं खुर्च्यांवर फुल्या मारायचे. आपांचा डावा कान लहानपणापासून अधू. त्यांना सभागृहाच्या डाव्या अंगाची, कडेची खुर्ची लागायची. तिथून रंगमंच उजव्या कानाकडं येतो. घड्याळवाल्यांना हे एकदा सांगितलं होतं, पुन्हा सांगावं लागलं नाही. आम्ही दुकानाची पायरी चढतोय तोच ते म्हणायचे, "आपाची ठेवली हाय, दुसरी रांग, कडेची." त्यात त्यांना काही उपकार केल्यासारखं वाटत नसे आणि आम्हालाही नाही. ओळखीच्या दुकानात जसं होतं तसं ते व्हायचं.

मग फोनवर तिकिटं मिळू लागली. खोटं कशाला बोलू, मलाही आवडलं. तेव्हा दोन कंपन्या होत्या. एकीची खूण पतंग, दुसरीची घंटा. दोघींत नुसती चढाओढ. एक सवलत देई, तर दुसरी मध्यंतरातला समोसा फुकट देई. त्या समोशाच्या नादात लोकांनी घड्याळाच्या दुकानाची पायरी चढणं सोडलं. एके दिवशी फोन उघडून पाहते तर घंटा गायब, आणि तिच्या जागी पतंग. मोठीनं धाकटीला गिळलं होतं. त्या दिवसापासून समोसा बंद आणि तिकिटावर 'सुविधा शुल्क' चालू. सुविधा कुणाची, हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही.

पतंगवाल्या कंपनीनं मग आमचं सभागृह चालवायला घेतलं. मग अकोल्याचंही घेतलं. मग गायकांचे दौरे तीच ठरवू लागली. कार्यक्रम तिचा, सभागृह तिचं, तिकीट तिचं, गाडी लावायची जागा तिची. घरची पाण्याची बाटली दारात काढून घेतात आणि आत तिचीच बाटली विकत घ्यायला लावतात. ऐन वेळी जमलं नाही आणि तिकीट दुसऱ्याला द्यायचं असेल तर तेही तिच्याच दुसऱ्या दालनातून. त्या दालनाचं नाव 'रसिकांकडून रसिकांना', वाचूनच अंगावर शहारे येतात. आणि हारही तिचेच, कापडी पाकळ्यांचे, आज याच्या गळ्यात, उद्या त्याच्या. आमच्या धंद्याचं सोडा. लग्नं आहेत, देव आहेत, फुलं विकली जातात. पण ज्या माणसानं जन्म सुरात घातला त्याच्या गळ्यात दहा जणांच्या घामाचा तोच हार घालायचा? शी!

हे सगळं आम्ही नाक मुरडत का होईना, चालवून घेत होतो. आपांच्या कानाचं झालं नसतं तर पुढंही चालवून घेतलं असतं.

आपांचा उजवा कानही जायला लागला होता. अकोल्याच्या डॉक्टरांनी तपासून स्पष्ट सांगितलं की तो फार दिवस साथ देणार नाही. यंत्र लावता येईल, त्यानं बोलणं कळेल, पण गाणं पूर्वीसारखं कळेल असं नाही. आपांनी हे मला फोनवर सांगितलं तेव्हा रडल्याबिडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "तो आला पाह्यजे व एकदा. त्याले ऐकलं का मंग हा कान गेला तरी चालते."

तो म्हणजे आमचा गायक. त्याचं नाव सांगत नाही, सांगायची गरजही नाही. आमच्या चौघांच्या ऐकण्याची सुरुवात आणि शेवट तोच. त्याची एक गझल आहे, घराच्या पायरीवर बसून वाट बघणाऱ्या माणसाची. आम्ही तिला 'पायरीवाली' म्हणायचो. बरीच वर्षं तो वऱ्हाडात फिरकला नव्हता. आणि आपांच्या त्या फोननंतर महिन्याभरातच बातमी आली की तो अमरावतीला येतोय.

पाळी आमची होती. एका नंबरावर दोनच तिकिटं, असा कंपनीचा नियम. मी दोन माझ्या फोनवरून काढली, दोन यजमानांच्या फोनवरून, आणि पैसे एकाच कार्डातून भरले. तिकिटं सुटण्याच्या वेळेला मी देवापुढं बसावं तशी फोनपुढं बसले होते. मिळाली. दुसरी रांग, डावं अंग, कडेच्या चार खुर्च्या. मी लगेच आपांना फोन लावला आणि ओरडून सांगितलं. आताशा त्यांच्याशी ओरडूनच बोलावं लागायचं.

"कडेची?" त्यांनी विचारलं.

"कडेची!"

"मंग ठीक हाय," त्या म्हणाल्या आणि नव्या ओढणीचा रंग सांगत बसल्या.

कार्यक्रमाच्या दिवशी आपा दुपारच्या गाडीनं बडनेऱ्याला उतरल्या. मास्तर अचलपूरहून एसटीनं आले. घरी भजी झाली. मी आपांच्या केसांत मोगऱ्याचा गजरा माळला, आणि गायकासाठी गुलछडीचा एक हार पिशवीत लपवून घेतला. सापडला तर सापडला. सभागृहाच्या दारात कंपनीची माणसं लाल दिव्याचं यंत्र घेऊन उभी होती, आणि त्यांच्यात, छातीवर पतंग असलेला सदरा घालून, आमचे घड्याळवाले.

दुकान बंद झालं हे ठाऊक होतं. पण त्यांना असं बघायला माझी तयारी नव्हती. त्यांनी आम्हाला पाहून मान हलवली, माझा फोन घेतला आणि यंत्रासमोर धरला. मग यजमानांचा धरला. मग पुन्हा माझा.

"वैनी, लाल येऊन राह्यलं," ते म्हणाले.

"लाल म्हंजे?"

"रद्द. चारी रद्द झाले तुमचे."

बाजूला उभं राहून मी फोन उपसला. जाहिरातींच्या ढिगाखाली कंपनीचं इंग्रजी पत्र निघालं. दोन नंबर, एकच कार्ड, लागोपाठच्या खुर्च्या, सबब ही खरेदी काळाबाजारवाल्यांची दिसते. खऱ्या रसिकांच्या हितासाठी तिकिटं रद्द करण्यात येत आहेत. पैसे यथावकाश परत मिळतील, सुविधा शुल्क वगळून.

खरे रसिक! आयुष्यभर आम्ही एकमेकांना तिकिटं काढून देत आलो, त्यालाच या लोकांनी काळाबाजार ठरवलं होतं. चौघांनी आपापलं एकेक तिकीट काढलं असतं, परक्यासारखं, तर चाललं असतं. माझी तळपायाची आग मस्तकाला गेली. मी घड्याळवाल्यांना म्हटलं, "तुमाले मालूम हाय ना, आपा कोन हायेत ते! तुमीच देत होते ना त्याईले कडेची खुर्ची!"

"मले मालूम हाय वैनी," ते माझ्याकडं न बघता म्हणाले. "पन इथं माह्या शब्दाले कोनी विचारत नाई. मी पगारी हाव."

त्या क्षणी मला त्यांचीही किळस आली, आणि आली याचं वाईटही वाटलं. मागं रांग खोळंबली होती. कुणीतरी "ताई, बाजूला व्हा ना" म्हणालं. आम्ही बाजूला झालो.

मी कंपनीच्या मदतकक्षाला लिहिलं. तिथं माणूस नाही. एक यंत्र आहे आणि ते म्हणतं, 'तुमची निराशा आम्ही समजू शकतो.' मी आपांच्या कानाचं लिहिलं, तर म्हणालं, 'दिव्यांग रसिकांसाठी आमच्याकडे खास सोयी आहेत, कृपया तिकीट क्रमांक टाका.' मी तिकीट क्रमांक टाकला. 'हे तिकीट अस्तित्वात नाही.'

तेवढ्यात मास्तर, जे स्वतःच्या फोनवर काहीतरी शोधत होते, एकदम म्हणाले, "हे पाहा." 'रसिकांकडून रसिकांना' या दालनात सभागृहाचा नकाशा उघडला होता. जवळजवळ सगळ्या खुर्च्या भरलेल्या, विकायला असलेल्या थोड्या हिरव्या लुकलुकत होत्या. त्यात दुसरी रांग, डावं अंग, कडेच्या चार. आमच्याच. आमच्याकडून काढून घेतलेल्या आमच्याच खुर्च्या, कितीतरी पट चढ्या भावानं, काळाबाजार रोखणाऱ्या त्याच कंपनीच्या दालनात. त्या कोण रसिक कोणत्या रसिकाला विकत होता, सांगा मला.

"एक तरी घे," यजमान म्हणाले. "आपासाठी. कितीले का असेना."

मी कडेच्या खुर्चीवर बोट ठेवलं, कार्डाचा आकडा भरला. मग बँकेचा तो सहा आकड्यांचा निरोप यायचा होता. दारात एवढी गर्दी, एवढे फोन, तो येईना. पडद्यावर गोल फिरत राहिलं. निरोप आला तोवर खुर्ची करडी झाली होती. 'ही जागा आता उपलब्ध नाही.' बाकीच्या तीनही गेल्या. राहिली एकच, बाल्कनीत, मागं, उजव्या भिंतीला लागून.

उजव्या भिंतीला लागून बसलं की रंगमंच डाव्या कानाकडं येतो, आणि आपांचा डावा कान लहानपणापासून मेलेला. मला हे कळत नव्हतं असं नाही. पण दुसरं काही उरलंच नव्हतं, आणि आत तबला लागत असल्याचा ठक ठक आवाज दारापर्यंत येत होता. मी ती घेतली.

"मी एकटी नाई जात," आपा म्हणाल्या. "राहू दे व. चहा पिऊ, घरी जाऊ."

"जा आपा," मी त्यांच्या कानाशी ओरडले. "तुमी ऐका, अन् उद्या आमाले सांगा. आमच्या वाटचंही ऐका."

त्यांनी माझ्या हातून हाराची पिशवी घेतली. मग ओढणी सावरून आत गेल्या. पिशवीतला हार दारातल्या पोरीनं त्यांच्या हातून काढून घेतला आणि पाण्याच्या बाटल्यांच्या खोक्यात टाकला, हे मला बाहेरून दिसलं.

आम्ही तिघं समोरच्या टपरीवर बसलो. आतून अधूनमधून टाळ्या ऐकू येत होत्या, सूर नाही. यजमान दर वेळी टाळ्या वाजल्या की "आता कोनती असंन?" म्हणायचे आणि मास्तर काहीतरी अंदाज सांगायचे. टाळ्या पडल्या की मला वाटायचं, निदान आपा तरी आत आहेत. चहा तीन वेळा झाला, आणि पैसे देताना यजमान आणि मास्तर हातघाईवर आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आपांनी आम्हाला कार्यक्रम सांगितला. शेवंतीच्या ढिगाभोवती आम्ही बसलो होतो, मी आणि यजमान ओवत होतो, मास्तर देठं खुडत होते. आपांनी सुरुवात कशानं झाली ते सांगितलं, मधल्या गझला सांगितल्या, कोणत्या शेरावर कोण कसं "क्या बात है" म्हणालं ते सांगितलं. "अन् शेवटी पायरीवाली," त्या म्हणाल्या. "तिसऱ्या शेरावर थांबला. पानी पिला. मंग मंचावरच हसला अन् पुन्ना पहिल्यापासून घेतली. सारी घेतली." यजमानांनी हातातली सुई खाली ठेवली. मास्तरांनी डोळे मिटले होते. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू. म्हटलं, मरू दे ती कंपनी, आपांना मिळालं. त्याच वेळी तो ताऱ्यांचा निरोप आला. मी फोन पालथा घातला तो तेव्हा.

दुपारी आम्ही त्यांना अकोल्याच्या बसमध्ये बसवलं. खिडकीतून त्या म्हणाल्या, "आता पाळी मास्तरची बरं."

दोन-तीन दिवसांनी मास्तरांचा अचलपूरहून फोन आला. कंपनीनं कार्यक्रमाचं चित्रण टाकलं होतं, सबंध, पाहायला वेगळे पैसे घेऊन. मास्तरांनी ते भरून पाहिलं होतं.

"वैनी," ते म्हणाले, "पायरीवाली त्यानं गायलीच नाई. त्या पट्टीत आता त्याचा गळा जात नाई, असं त्यानं स्वतःच सांगितलं मंचावरून. आपाने सांगितल्या त्यातली एकही नाई. सारा नवाच कार्यक्रम होता."

मी विचारलं, "मंग ते पानी पिनं?"

"ते अकोल्याचं. आठवते? तुमी, तुमचे मालक, मी, आपा. घड्याळवाल्यानंच केला होता कार्यक्रम. थांबला, पानी पिला, हसला, पुन्ना पहिल्यापासून घेतली."

मला आठवलं. आम्ही चौघं होतो, दुसऱ्या रांगेत, डाव्या अंगाला, आपा कडेला.

म्हणजे त्या बाल्कनीत, त्या भिंतीला लागून, आपांना काहीही ऐकू आलं नव्हतं. गडगडाट आला असेल, टाळ्या दिसल्या असतील. दोन-अडीच तास त्या लांबून त्याचे हलणारे ओठ बघत बसल्या आणि त्यांना कळत राहिलं की हा शेवटचा होता. आणि मी सांगितलं होतं ना, आमच्या वाटचंही ऐका. म्हणून सकाळी त्यांनी आम्हाला रिकाम्या हातानं ठेवलं नाही. त्यांच्याकडं होता तो कार्यक्रम दिला.

मला इतका तिटकारा कधी कशाचा आला नव्हता. चोर निदान अंधारात येतो, तोंड लपवतो. हे लोक एका बाईच्या कानातला शेवटचा सूर काढून घेतात, तो दुसऱ्याला विकतात, आणि सकाळी हसरं तोंड पाठवून विचारतात की कसं वाटलं. मी तो निरोप पुन्हा उघडला. ताऱ्यांच्या खाली आणखी एक प्रश्न होता, तेव्हा मी वाचला नव्हता. 'आवाज कसा होता?'

मी कंपनीला काही उत्तर दिलं नाही. गाळ्यावर होते, गिऱ्हाईक होतं, तरी आपांना फोन लावला. खूप वेळानं त्यांनी उचलला.

"आपा," मी म्हटलं, "खरं सांगा. त्या दिशी काही ऐकू आलं काय तुमाले?"

तिकडून आपांचा आवाज आला, जरा जास्तच मोठा, आताशा त्या बोलायच्या तसा. "काय म्हनतं? जोरानं बोल व. नाई ऐकू येऊन राह्यलं."

मी फोन तोंडाजवळ धरला. शेजारच्या गाळ्यावरच्या बाया माझ्याकडं बघायला लागल्या होत्या.

"कार्यक्रम चांगला झाला ना, म्हनते!" मी ओरडले.

"हो व," आपा म्हणाल्या. "लय चांगला झाला."